राजाचा बोजा

'रातचो राजा, सकाळी कपाळार बोजा' अशी एक म्हण आमच्या मालवण-वेंगुर्ल्याकडच्या मुलखात दशावतारी नटांविषयी रूढ आहे. रात्रभर इंद्र, रावण किंवा हिरण्यकशिपू होऊन बाकड्याच्या सिंहासनावर बसलेला मनुष्य पहाटे दहीकाला आटोपला की तोंडावरचा रंग खोबरेल तेलाने पुसतो, आपले गाठोडे डोक्यावर घेतो आणि पुढच्या गावची वाट धरतो. म्हण सांगताना कोणी हसतो, कोणी हळहळतो. एखाद्या कीर्तनकाराच्या तोंडी ती पडली तर संसाराच्या नश्वरतेचा दृष्टांत होते. पण हसणारा, हळहळणारा आणि वैराग्य सांगणारा या तिघांचेही लक्ष असते ते राजाकडे. त्या बोज्यात काय होते, ते कोणी बांधले, वाटेत मोडले-तुटले तर कोण सांधत होते, हे कोणी विचारीत नाही. मला मात्र लहानपणापासून राजापेक्षा बोज्याचेच कुतूहल अधिक. राजा सर्वांना दिसायचा. बोजा पाहायला मिळायचा तो संध्याकाळी लवकर देवळात जाऊन बसणाऱ्या आम्हा चार पोरांनाच.

घाटावरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली निराळा झाला. पण दशावताराचा खेळ या मुलखात त्याच्या कितीतरी आधीचा. आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ च्या सुमारास तो कर्नाटकातून कोकणात आणला, अशी एक परंपरा सांगितली जाते. परंतु समर्थांच्या दासबोधात दशावतारी खेळणाऱ्यांचा उल्लेख आहे आणि डोळे मोडणाऱ्या त्या सुंदर स्त्रिया मुळात धटिंगण पुरुष असतात, ही समर्थांची कोपरखळीही आहे. तेव्हा खेळाचे मूळ आणखी मागे जाते, हे उघड आहे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतारी मंडळे बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडाशी घरी परततात. आज या गावात, उद्या त्या गावात, असा हा सहा-सात महिन्यांचा फेरा. आधी 'आड दशावतार' होतो. त्यात गणपती, ऋद्धिसिद्धी, मोरावरची सरस्वती, ब्रह्मदेव, त्याचे वेद पळविणारा आणि मालवणीत गावाची टिंगल करणारा संकासुर येतो आणि त्याचा वध करणारा विष्णू येतो. मग पुराणातले एखादे आख्यान लागते, ते उजाडेपर्यंत. दहीहंडी फुटली की खेळ संपला.

म्हणजे काय, तर बारा-पंधरा माणसे आणि त्यांचे सगळे सामान रोज एका गावातून उचलायचे आणि दिवस मावळण्याच्या आत दुसऱ्या गावात उतरवायचे. आणि मुलूख कसा? एकीकडे समुद्र, दुसरीकडे सह्याद्री आणि मध्ये अरुंद पट्टीत उभे-आडवे डोंगर. गड, कर्ली, तेरेखोल अशा नद्या डोंगरातून उतरतात त्या समुद्राला मिळेपर्यंत खाड्या होऊन वाट अडवितात. दोन गावे एकमेकांना हाक ऐकू जाईल इतकी जवळ असतात, पण मध्ये खाडी. पूल झाले ते पुष्कळ उशिरा. तोवर तर होती, तरीवरचा तारी होता आणि भरती-ओहोटीचे वेळापत्रक होते. खाडी ओलांडली की सडा लागे. तो जांभ्या दगडाचा उघडाबोडका माळ माघ-फाल्गुनात दुपारी तव्यासारखा तापतो. अशा वाटेला बैलगाडी फार दूर चालत नाही. चालतात ते पाय आणि वाहते ते डोके.

त्या डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर पेटारा. हा पेटारा म्हणजे मंडळाचे दैवत. त्यात गणपतीचा मुखवटा असतो, इतर देवांची आयुधे-आभूषणे असतात. पेटारा गावात आला की लोक त्याला हात जोडतात आणि खेळापूर्वी त्याची पूजा होते. बाकीचे सामान ज्याचे त्याच्या ट्रंकेत किंवा गाठोड्यात. बांधणीचा एक अलिखित क्रम होता आणि तो क्रम म्हणजे शेकडो ठेचा खाऊन आलेले शहाणपण होते. तळाला सुती धोतरे आणि घडीचे शालू. त्यांच्या मऊ बिछान्यावर मुकुट, पण उताणे, आणि मुकुटाच्या पोकळीत दाढ्यामिशांची पुरचुंडी, म्हणजे मुकुट दबत नाही आणि केस विस्कटत नाहीत. भुजबंद आणि कमरपट्टे फडक्यात गुंडाळून कडेला. रंगाच्या डब्या सर्वांत वर, कारण त्या सांडल्या तर खालचे सगळे जाते. लाकडी तलवारी आणि गदा पेटाऱ्यात घालायच्या नाहीत; त्यांची मोळी निराळी. एका म्हाताऱ्या नटाने मला सांगितले होते की नवा पोरगा मंडळात आला म्हणजे त्याला पहिल्यांदा पदर घ्यायला किंवा तलवार धरायला शिकवीत नसत, गाठ मारायला शिकवीत. सुटणारी गाठ आणि न सुटणारी गाठ यांतला फरक ज्याला कळला, तो मंडळात टिकला.

आता मला जे सांगायचे आहे ते इथे सुरू होते. दशावताराच्या साधेपणाचे आपण कौतुक करतो. पडदा नाही, देखावा नाही, एक बाकडे तेवढे मांडावर असते. तेच सिंहासन, तेच पर्वत, तेच क्षीरसागरातला शेष. लिहिलेले नाटकही नाही. आख्यानाचा सांगाडा आधी ठरतो आणि संवाद जो तो आपल्या बुद्धीने तिथल्या तिथे रचतो. समीक्षक याला लोककलेची सांकेतिकता म्हणतात आणि ते खरेच आहे. पण या सांकेतिकतेच्या मुळाशी डोक्यावरचा बोजा आहे, हे विसरता कामा नये. बाकडे गावात मिळते, म्हणून ते वाहून नेण्याची जरूर नाही. पडदा गावात मिळत नाही, म्हणून पडदा नाही. जे डोक्यावर मावेल आणि खाडीच्या होडीत बसेल तेवढेच नाटक. उरलेले सगळे नटाने बोलून उभे करायचे. अरण्याचे वर्णन करायला ओझे लागत नाही. समुद्र शब्दांत आणला तर तो भिजवीतही नाही. दशावतारी नटाच्या जिभेला जी धार आहे, ती वाटेवरच्या तापलेल्या सड्याने लावली आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

याच्या शेजारी आपली थोर संगीत रंगभूमी ठेवून पाहावी. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत सीतास्वयंवर केले तेव्हा त्यांच्याही खेळात पुराणातलेच राक्षस आणि विदूषक होते. पण पुढे कंपन्या झाल्या, रेल्वे झाली आणि सामान वाढत गेले. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री यांनी 'ललितकलादर्श'साठी रंगविलेले पडदे पाहायला माणसे लांबून येत. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीचे शालू, दागिने, अत्तरे यांच्या कथा आजही सांगितल्या जातात, आणि त्या कथांच्या शेवटी कर्जाचा आकडा येतो. ते वैभव खोटे नव्हते. त्याने मराठी मनाला पिढ्यान्पिढ्या पुरेल असे सुख दिले. पण बोलपट आला तेव्हा त्या वैभवाला एका जागी उभे राहणे परवडेना आणि चालणेही जमेना. दशावतारी मात्र चालतच होता, कारण त्याचा सगळा संसार त्याला स्वतःला उचलता येत होता.

वाहून नेणे हे झाले अर्धे काम. दुसरे अर्धे म्हणजे दुरुस्ती. संध्याकाळी पेटारा उतरला आणि हातपाय धुऊन चहा झाला की गणपती मांडावर येईपर्यंत चार-पाच तास हाती असत. प्रेक्षकाला वाटते, या वेळात नट झोपत असतील. झोपतही असत, पण पाळीपाळीने. देवळाच्या पडवीत किंवा जवळच्या एखाद्या घराच्या ओसरीवर तेवढ्या वेळात सुतार, शिंपी, चांभार, सोनार आणि घड्याळजी यांची एकत्र कार्यशाळा भरलेली असे. हे पाचही जण एकाच माणसात बसलेले असत, एवढाच फरक.

सर्वांत आधी दिवा. माझ्या लहानपणी मशालींचे दिवस संपून गॅसबत्ती आली होती. तिचा प्रकाश भगभगीत, पण स्वभाव नाजूक. तिच्या मेंटलची गंमत पोरपणी मला कळत नसे. जाळीची ती पिशवी क्षारात भिजविलेली असते; पहिल्यांदा पेटविली की कापड जळून जाते आणि उरतो तो राखेचा सांगाडा. तोच सांगाडा तापून प्रकाश देतो. व्हिएन्नाच्या कार्ल आउअरने १८८५ च्या सुमारास काढलेली ही युक्ती मालवणच्या सड्यावर चालायची ती फक्त एक रात्र. राखेचा तो फुगा डोक्यावरच्या प्रवासात टिकेल कसा? एखाद्या ठेचेसरशी त्याचा भुगा व्हायचा. म्हणून रोज संध्याकाळी नवे मेंटल बांधायचे, भोकात अडकलेली काजळी पिनेने काढायची, पंपाचे चामडी वायसर सुकले असेल तर त्याला तेल पाजायचे. मेंटल बांधणारा माणूस त्या वेळी कोणाशी बोलत नसे, श्वासही बेताने घेई.

मग वाद्ये. मृदंगाच्या डाव्या पुडीला रोज नवी ओली कणीक लावायची. कमी-जास्त कणकेवर त्याचा आवाज बसतो. ती कणीक यजमानांच्या स्वयंपाकघरातून येई. उजवी पुडी दवाने सैल पडते. आमच्या किनाऱ्यावर मार्गशीर्षातली रात्र ओली असते आणि कातडे ती ओल पिते. मग वाद्यांखालचे गठ्ठे ठोकायचे आणि तेवढ्याने भागले नाही तर शेकोटीची धग दाखवायची. फार दाखविली तर पुडी तडकते. पायपेटीचे दुखणे निराळे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने पितळेचे सूर कळंकतात आणि लोखंडी स्प्रिंगा गंजतात. एखादा सूर मध्येच मुका होतो किंवा न दाबता कण्हत राहतो. पेटीवाला झाकण उघडून, पातळ कागदाचा कपटा जिभेखालून फिरवून अडकलेला कण काढायचा. सूर उतरला असेल तर जिभेचे टोक किंचित खरवडायचे, म्हणजे तो चढतो. चढला असेल तर मुळाशी खरवडायचे. एका केसाइतके अधिक खरवडले तर तो सूर कायमचा गेला. भात्याला भोक पडले तर त्यावर सरस लावून कापडाचे ठिगळ. आमच्याकडे आलेल्या एका पेटीवाल्याच्या पेटीवर अशी अकरा ठिगळे मी मोजली होती. "नवा भातो कित्या घालूक नाय?" असे विचारल्यावर तो म्हणाला होता, "नव्याक माझो पाय वळखाचो नाय."

आणि मग मुकुट. पुठ्ठ्याचा किंवा हलक्या लाकडाचा साचा, त्यावर बेगड, आरशाच्या टिकल्या आणि काचमणी. गॅसबत्तीच्या उजेडात तो सोन्याला लाजवितो. पण घामाने खळ सुटते आणि रोज दोन-चार टिकल्या गळतात. पहाटे मांड झाडताना त्या टिकल्या वेचणे हे पोरांचे काम असे, आणि त्या प्रामाणिकपणे परत केल्या तर एखादी आम्हाला बक्षीस मिळे. खळ शिजवायला यजमानांची चूल असे. काजूच्या झाडाचा डिंक आमच्या कुंपणातच होता. काजूच्या डिंकाला कीड लागत नाही, म्हणून जुने बुकबाइंडर तो वापरीत. ही गोष्ट मी पुस्तकात नंतर वाचली, पण ती दशावतारी मंडळींना आधी ठाऊक होती. आणि या सगळ्यांच्या वर आमच्या मुलखाचा राजा, सुंभ. नारळाच्या काथ्याची ही दोरी नसती तर अर्धे इंद्रदरबार कोसळले असते.

"मामांनू, जरा सुंभ गावात काय?"

"गावात तर! काय तुटला?"

"इंद्राचो कमरपट्टो."

असा संवाद कोणत्याही पुराणात नाही. पण त्यावाचून पुराण पुढे सरकत नव्हते. आणि मला यातली मोठी गोष्ट वाटते ती ही, की अशा प्रसंगी गाव नुसता प्रेक्षक राहत नसे. कोणाचा सुंभ इंद्राच्या कमरेला, कोणाची कणीक मृदंगाला, कोणाच्या विहिरीचे पाणी रंगात. रात्री इंद्र तरातरा मांडावर आला की पुढे बसलेले मामा शेजाऱ्याला कोपराने ढोसत, "कंबरेक आमचो सुंभ हा!" त्यांना त्यामुळे इंद्र खोटा वाटत नसे, उलट जरा घरचा वाटे.

दुरुस्तीचा कस लागे तो खेळ चालू असताना. लुटुपुटूची असली तरी लढाई जोरात होते. तालावर गिरक्या घेत दोघे वीर एकमेकांवर तुटून पडतात आणि लाकडी तलवारीला ते कळत नाही. एकदा ऐन युद्धात दैत्याची तलवार मुठीपाशी मोडली आणि पाते उडून झांजवाल्याच्या मांडीवर पडले. पोरे हसली. दैत्याने हातातल्या मुठीकडे पाहिले, मग देवाकडे पाहिले आणि शुद्ध मराठीत गरजला, की हे देवा, तुझ्या दृष्टीच्या तेजानेच माझे शस्त्र भंगले, आता पाहू या माझे बाहू भंगतात का! झाले, मल्लयुद्ध सुरू झाले आणि हसणारी पोरे गप्प झाली. तोवर मागे कोणीतरी पाते उचलून, मुठीत पाचर ठोकून, सुंभाचे चार वेढे देऊन तलवार उभी केली होती. ती पुढच्या प्रवेशात दुसऱ्याच्या कमरेला आली. तलवार सुंभाने सांधायची आणि प्रसंग शब्दांनी, या दोन्ही कामांना तेच प्रसंगावधान लागते. १९८० साली गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळींनी ते थेट लंडनपर्यंत नेले. गावच्या हौशी नाटकाची फजिती पाहून महाराष्ट्र पोट धरून हसला. त्या हसण्यात आम्ही कोकणातले लोक सर्वांत पुढे होतो. पण अशी वेळ दशावतारी किती सहज निभावून नेतो, हेही आम्हालाच ठाऊक होते.

एका वस्तूची दुरुस्ती मात्र या कार्यशाळेत होत नसे. गणपतीच्या मुखवट्याच्या कानाचा टवका उडालेला मी एकदा पाहिला. मी पोरपणाने म्हणालो, "गणपतीचो कान मोडलो." पेटारा सांभाळणारा म्हातारा माझ्यावर रागावला नाही. त्याने शांतपणे सांगितले, "देव मोडना नाय, बाबा. देव दुखावता." त्या रात्री दुखावलेल्या कानावर फूल खोवून खेळ झाला. दुरुस्ती नंतर सवडीने, मंडळाच्या घरी, उदबत्ती लावून व्हायची होती. तो मुखवटा लाकडाचा आहे, त्यावर रंग कोणता चढविला आहे आणि तो कोठे उडतो, हे त्या म्हाताऱ्याइतके कोणालाही ठाऊक नव्हते. आणि त्याच्याइतक्या भक्तीने त्यापुढे कोणी डोकेही टेकवीत नव्हते. ज्याने देवाला कधी उलटा करून आतून पाहिले नाही त्याची श्रद्धा सोपी असते. या माणसाने रोज आतून पाहिले होते.

पावसाळा म्हणजे माणसांना शेत आणि सामानाला विश्रांती. पण कोकणातला पाऊस कोणालाच फुकट विश्रांती देत नाही. चार महिन्यांत बुरशी शालूवर चढते, कसर जरीत शिरते, वाळवी पेटाऱ्याच्या बुडाशी येते. म्हणून सामान चुलीच्या धुरात, माळ्यावर. कपड्यांच्या घडीत वेखंड आणि कापूर. आणि नटांची स्वतःची डागडुजीही याच दिवसांतली. सड्यावर चालून टाचांना पडलेल्या भेगांत रात्री मुठेल, म्हणजे आमचे कोकमाचे तेल, गरम करून भरायचे. चिखलात उभे राहून लावणी करणाऱ्याला त्या भेगा पुन्हा पडतच. सहा महिने जागरणाने, सहा महिने चिखलाने. हा देह कोणत्या पेटाऱ्यात उताणा ठेवावा, हे कोणी सांगितले नव्हते.

म्हणूनच बोज्याचे गोडवे गाताना माझी जीभ अडखळते. तो बोजा हलका नव्हता. ज्याने तो उचलला त्याला त्यात काव्य दिसले नाही. आज मंडळांजवळ टेम्पो आहेत, खाड्यांवर पूल आहेत, १९९८ पासून कोकण रेल्वे धावते आहे आणि दशावतारी मुंबईच्या नाट्यगृहांतही खेळ करतात. राजाच्या कपाळावरचा बोजा टेम्पोच्या हौद्यात गेला, हे उत्तमच झाले. म्हातारपणी ज्यांच्या माना वाकड्या झाल्या त्यांना विचारा. ते दुसरे काही सांगणार नाहीत.

पण बोज्याबरोबर एक माप होते, तेही उतरले. टेम्पोत जागा असते, आणि जागा रिकामी राहत नाही, हा संसाराचा नियम आहे. हौद्यात आधी पडदे आले, मग ध्वनिक्षेपक, मग रंगीत दिव्यांची झाडे, मग धुराचे यंत्र. जाहिरातीत आता 'ट्रिकसीनयुक्त' हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. धुरातून देवी प्रकट होते, राक्षसाचे मुंडके उडते, आणि पोरे हसत नाहीत, अवाक होतात. मी या ट्रिकसीनवर नाक मुरडणार नाही. त्यात कल्पकता आहे, आणि त्यातही कोणीतरी विस्तवाशी, विजेशी झुंजत रात्र काढतो आहे. आजच्या पडवीत खळीच्या भांड्याशेजारी सोल्डरिंगची कांडी तापत असते, आणि तुटलेली तार जोडणाऱ्या पोराच्या चेहऱ्यावर मला तोच रोखलेला श्वास दिसतो, जो मेंटल बांधणाऱ्याच्या चेहऱ्यावर होता. हात बदलले नाहीत, हत्यार बदलले.

मग माझी तक्रार कशाविषयी? ती एवढीच, की आता पुष्कळसे सामान असे आहे की ते मोडले तर मांडावर सांधता येत नाही. तयार मुकुट बाजारातून येतो. वाकला की दुसरा. यंत्राचे काळीज जळले की ते शहरात पाठवायचे आणि त्या रात्री धुरावाचून प्रकट व्हायचे. पण धुराची सवय झालेल्या देवीला नुसते चालत येऊन, नुसत्या शब्दांनी आपण देवी आहोत हे पटवून देता येईल का? ज्या नटाला तुटक्या तलवारीवर बोलता येते त्याला येईल. ते बोलणे तो कोठे शिकला होता? तुटक्या तलवारी कमरेला लावूनच. वस्तू सांधण्याची विद्या गेली तर प्रसंग सांधण्याची विद्या तिच्यामागे किती दिवस राहील, ही मला खरी काळजी वाटते.

२०२० च्या मार्चमध्ये देशाला टाळे लागले तेव्हा हंगाम अर्ध्यावर मोडला. जत्रा बंद, खेळ बंद, पेटारे घरी. ज्यांचे पोट रात्रीच्या नारळ-सुपारीवर आणि बिदागीवर, त्यांचे ते दिवस फार वाईट गेले. त्या काळात एका मंडळातल्या नटाच्या घरी मी गेलो होतो. खेळ नव्हता, तरी त्याने सामान उन्हात घातले होते. मुकुटाच्या टिकल्या एकेक तपासून तो नव्याने चिकटवीत होता. पुढचा खेळ केव्हा, हे त्याला ठाऊक नव्हते. मला तर नव्हतेच. मी विचारले नाही. तोच म्हणाला, "खेळ नसलो तरी मुकुट सुटताच मां!" या वाक्यात तत्त्वज्ञान आणण्याचा त्याचा विचार नव्हता. खळ खरोखरीच दमट हवेने सुटते. पण जत्रा पुन्हा भरू लागल्या तेव्हा पहिल्याच रात्री चकचकीत मुकुटाने उभे राहणाऱ्यांत तो होता.

अलीकडे दशावतार जपण्याची भाषा पुष्कळ ऐकू येते, आणि ती मनापासूनची असते. आख्यानांची चित्रणे होतात, जुन्या नटांच्या मुलाखती होतात, संमेलने भरतात. पिंगुळीच्या ठाकर मंडळींनी चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या, त्यांतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हा सर्वांना अभिमान वाटला. त्या बाहुल्या आणि पोथीतली चित्रे हाताळणारे, बांधणारे, डागडुजी करणारे हात घरात पिढ्यान्पिढ्या होते, म्हणूनच त्या आपल्यापर्यंत पोचल्या. दशावताराविषयीही कोणीतरी हेच करायला हवे. आख्यान लिहून ठेवा, पण पेटारा कसा भरतात तेही लिहून ठेवा. खळीत पाणी किती, डिंक केव्हा काढावा, मुकुट उताणा का ठेवावा, गठ्ठा किती ठोकावा, सूर कोठे खरवडू नये, हे सांगणारी माणसे अजून आहेत. त्यांना कोणी विचारीत नाही, म्हणून ती सांगत नाहीत; सांगण्यासारखे काही आहे, असे त्यांना स्वतःलाही वाटत नाही.

राजा होण्याची हौस उद्याच्या पोरांनाही असेल. रंग लागला, मृदंगावर थाप पडली की कोणाचीही मान ताठ होते. पण राजाचा बोजा बांधायला, उचलायला आणि सांधायला कोणीतरी शेजारी बसवून शिकवावे लागते. गाठ कोणती सुटणारी आणि कोणती न सुटणारी, हे बोटांना एकदा दाखवून द्यावे लागते.